नौपाड्यातली जुनी बिल्डिंग: बिल्डरला द्यायची, स्वतः बांधायची की क्लस्टरची वाट बघायची?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गोखले रोड, राम मारुती रोड, नौपाडा, चरई या पट्ट्यातल्या जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगमधे सध्या एकच विषय चालू असतो. महापालिकेला जुनं ठाणं नव्यानं उभं करायचंय, त्यासाठी क्लस्टर योजना आहे (एकेक बिल्डिंग न घेता आख्खा भाग एकत्र नव्यानं बांधायचा), नौपाड्यातले ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव येऊन गेला, स्टेशनला सॅटिस (बसगाड्यांसाठीचा उंचावरचा डेक) झालाच, पूर्वेला कोपरीच्या बाजूला दुसरा, गावदेवी मैदानाखाली पार्किंग, आणि ऑगस्ट २०२४ मधे केंद्रानं मंजूर केलेली २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो. बॅनरवर सगळं छान दिसतं. पण पार्किंगमधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेल्या मेंबरांना एवढंच कळायला हवं असतं की आपल्या बिल्डिंगचं काय करायचं, आणि तिथे रस्ते तीन आहेत: बिल्डर, स्वयंपुनर्विकास, क्लस्टर.

बहुतेक मीटिंगा "कोण किती टक्के जास्त एरिया देतोय" इथून सुरू होतात आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकते. आधी टेप घेऊन खाली उतरा आणि समोरचा रस्ता मोजा. मग नगररचना विभागातून भाग नकाशा काढा, कारण जागेवर दिसणारी रुंदी आणि कागदावरची रुंदी यात फरक असू शकतो आणि चालते ती कागदावरची. राज्याची जी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे (यूडीसीपीआर), तिच्यात गावठाणाबाहेरच्या प्लॉटला ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० आणि वर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) शून्य, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) शून्य. रस्ता ९ मीटर झाला की प्रीमियमचे ०.५० आणि टीडीआरचे ०.४० मिळून आकडा २.०० वर जातो, रुंदी वाढत गेली की पुढे अजून वाढतो. म्हणजे ८०० चौरस मीटरचा प्लॉट धरा, एका गल्लीत ८८० चौरस मीटर बांधकाम आणि शेजारच्या गल्लीत १६००. त्यावर पैसे भरून ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय) दोघांनाही मिळतो, पण फरक तिथेही तसाच वाढत जातो. जुन्या सोसायट्यांना जो इन्सेंटिव्ह मिळतो तो वेगळा धरायचा, पण त्यानं ही दरी भरून निघत नाही. त्यामुळे पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीला ४० टक्के मिळाले मग आपल्याला का नाही, हे भांडण बऱ्याचदा बिल्डरशी नसतंच मुळी, ते रस्त्याशी असतं.

आता बिल्डर. यातली सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पैसा त्याचा, महापालिकेतल्या फेऱ्या त्याच्या, तुम्ही भाडं घ्या आणि दुसरीकडे राहा. पण बिल्डरचा नफा विकायच्या फ्लॅटमधून येतो, आणि ९ मीटर रस्त्यावर मेंबरांना देऊन उरतं किती, तर फार नाही, म्हणून गल्लीतल्या छोट्या प्लॉटला मोठं नाव येत नाही, येतो तो हातात चार-पाच प्रोजेक्ट एकदम घेतलेला माणूस, आणि बाजार जरा थंडावला की आधी भाड्याचा चेक अडतो, मग काम. सरकारच्या, सहकार कायद्याच्या ७९(अ) कलमाखालच्या, ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत यावरची औषधं लिहून ठेवलीयत: स्वतंत्र पीएमसी (सोसायटीचा प्रकल्प सल्लागार) नेमा, बिल्डरची निवड उपनिबंधकाच्या प्रतिनिधीसमोर करा, व्हिडिओ शूटिंग करा, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्या. गॅरंटीचा विषय निघाला की बिल्डरचा माणूस हसतो आणि त्याऐवजी नवीन बिल्डिंगमधे होणारे दोन फ्लॅट तारण ठेवतो म्हणतो, आणि कमिटी मान डोलावते. अहो, ते फ्लॅट अजून हवेत आहेत! गॅरंटी पूर्ण मिळत नसेल तर निदान भाडं आगाऊ घ्या आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) हातात आल्याशिवाय चाव्या देऊ नका.

एरियाचं गणितही इथेच नीट बघून घ्या. जुन्या करारात बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं, नवीन ऑफर रेरा कार्पेटवर (आतली वापरायची जागा) असते, मधे कधीतरी बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी कोणी धरतं कोणी धरत नाही, त्यामुळे ३५ टक्के आणि ४५ टक्के अशा दोन ऑफर प्रत्यक्षात सारख्याच निघू शकतात. प्रत्येक फ्लॅट एकाच माणसाकडून एकाच पद्धतीनं मोजून घ्या आणि टेंडरमधे तेच आकडे घाला, तरच तुलना होते.

स्वयंपुनर्विकासात बिल्डरचा नफा सोसायटीत राहतो, म्हणजे एरिया जास्त किंवा कॉर्पस (मेंबरांना मिळणारी रोख रक्कम) जास्त किंवा दोन्ही. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात १० टक्के जादा एफएसआय, कर्जाच्या व्याजात ४ टक्के सवलत, एक खिडकी वगैरे आहे, आणि मुंबईत मुंबई बँकेनं अशा सोसायट्यांना कर्जं दिली आणि तशा बिल्डिंगी उभ्या राहिल्यात. त्यामुळे हे आता नुसतं भाषणातलं राहिलेलं नाही. तरीपण आपल्या सोसायटीत सलग तीन-चार वर्षं रोज वेळ देणारी दोन-तीन माणसं आहेत का हे आधी बघा, ज्यांच्यावर बाकीचे विश्वास ठेवतील आणि जी पहिल्या आरोपाला राजीनामा देणार नाहीत (मेंटेनन्सच्या पावत्यांवरून ज्यांच्याकडे मारामाऱ्या होतात त्यांनी कोट्यवधींचं कर्ज काढायच्या आधी जरा थांबावं). दुसरं म्हणजे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. प्रॉपर्टी कार्डवर अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. डीम्ड कन्व्हेयन्सचा (मालक करून देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचा) अर्ज आजच टाका, तो बिल्डरकडे गेलात तरी उपयोगी पडतो, कारण कन्व्हेयन्स नसलेल्या सोसायटीची किंमत बिल्डर बरोबर पाडून मागतो. आणि विकायचे फ्लॅट विकले गेले नाहीत तर व्याज मेंबरांच्या डोक्यावर, हे मीटिंगमधे मोठ्यानं सांगा, मिनिट्समधे लिहा.

क्लस्टरवर मी थोडंच बोलतो. एप्रिल २०१३ मधे शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, त्यानंतर या मागणीनं खरा जोर धरला आणि योजना मुळात तशा अनधिकृत आणि धोकादायक वस्त्यांसाठीच आली. चार एफएसआय, मोठा प्लॉट, रुंद रस्ते, मैदान, कागदावर ती तिन्हीत सगळ्यात शहाणी आहे, एकेक बिल्डिंग उंच करत बसण्यापेक्षा आख्खा भाग नीट करणं केव्हाही बरं. किसननगरचं भूमिपूजन जून २०२३ मधे झालं, काम सिडकोकडे. अनधिकृत बिल्डिंगमधे राहणाऱ्याला दुसरा कायदेशीर रस्ता जवळपास नाहीच, त्यानं क्लस्टरलाच धरून राहावं. पण मंजूर नकाशा, ओसी (भोगवटा दाखला), स्वतःचा प्लॉट असलेल्या नौपाड्यातल्या सोसायटीनं शेकडो लोकांच्या पात्रतेच्या यादीत जाऊन का बसायचं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. फक्त आपला प्लॉट यूआरपीच्या (क्लस्टरसाठी आखलेल्या भागाच्या) हद्दीत दाखवलाय का ते तपासा, कारण दाखवला असेल तर स्वतंत्र परवानगी काढताना प्रश्न येणार.

खाली दुकानं असतील तर मात्र हे सगळं गणित परत मांडावं लागतं. गोखले रोडला दहा बाय बाराच्या दुकानाची कमाई वरच्या फ्लॅटच्या कितीतरी पट असते आणि दुकानदाराला एरिया नको असतो, त्याला फुटपाथला लागून शटर हवं असतं. रस्ता रुंद झाला की सेटबॅकमधे (रस्त्यासाठी सोडायच्या जागेत) नेमकी तीच पुढची पट्टी जाते, मग नवीन प्लॅनमधे दुकान दोन पायऱ्या वर किंवा पार्किंगच्या रॅम्पच्या मागे सरकतं आणि तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. शिवाय तीन वर्षं दुसरीकडे दुकान लावून परत यायचं, तोवर गिऱ्हाईक शेजारच्याकडे वळलेलं. बिल्डर दुकानदाराला वेगळं गाठून वेगळं पॅकेज देतो आणि वरच्यांना ते कळल्यावर भांडणं लागतात. स्वयंपुनर्विकासात दुकानाची जागा प्लॅनवर आधी ठरवून घेता येते, म्हणून मिक्स बिल्डिंगला मी तोच रस्ता सुचवीन, पण दुकानदार पहिल्या मीटिंगपासून बरोबर असले तरच. पागडीवाले असतील तर त्यांचे हक्क भाडे नियंत्रण कायद्याखाली, तिथे वकील आधी आणि आर्किटेक्ट नंतर.

थोडक्यात विचारत असाल तर, रस्ता ९ मीटर किंवा जास्त, कन्व्हेयन्स झालेला आणि माणसं धड असतील तर स्वतः करा. रस्ता बरा पण माणसं नाहीत तर बिल्डर, गॅरंटीसकट. रस्ता ६ मीटरचाच असेल तर एकट्यानं टेंडर काढून हसं करून घेऊ नका, मागच्या आणि बाजूच्या सोसायटीशी बोला, दोन-तीन प्लॉट एकत्र आले आणि त्यातला एक जरी मोठ्या रस्त्याला लागत असेल तर एफएसआयचं गणित बदलू शकतं. हे छोटं घरगुती क्लस्टरच झालं म्हणा, फक्त शेजाऱ्यांशी बोलणं चालू पाहिजे.

आणि पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते तिच्यात तुमचं नाव सी-१ मधे (अतिधोकादायक, रिकामी करून पाडायच्या इमारती) असेल तर वरचं सगळं नंतर. आधी घर रिकामं करा, पण बिल्डिंग पाडायच्या आत प्रत्येकानं आपल्या जागेच्या मोजमापाचा महापालिकेचा दाखला हातात घ्या, कारण बिल्डिंग गेली तरी हक्क जात नाही, पण किती फुटांचा हक्क होता हे नंतर तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.