बारावीनंतर बीए-बीकॉम: मुंबईच्या याद्या की दिल्लीची सीयूईटी?

इंजिनिअरिंग-मेडिकल नको, साधं बीए, बीकॉम किंवा बीएस्सी करायचं आणि तेही सरकारी विद्यापीठातून, एवढं ठरलं की मुंबई-ठाण्याच्या घरांत दोन नावं निघतात. मुंबई विद्यापीठाचं चांगलं कॉलेज, नाहीतर दिल्ली विद्यापीठ. कोणतं विद्यापीठ मोठं, या वादात मी पडत नाही. इथे तुलना फक्त प्रवेशाच्या रस्त्याची आहे. दोन्हींत निवड करायची वेळ आली तेव्हा माझं पारडं कुठे झुकलं, तेही ओघात येईलच.

(बीएमएस, बीबीए, बीसीए डोक्यात असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. हे अभ्यासक्रम २०२४ पासून एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेकडे गेले आणि त्यांना राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आली. काही कॉलेजांनी नाव बदलून 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' केलं, तिथे सीईटी लागत नाही. अर्ज भरताना नावाची पाटी नीट वाचा.)

मुंबईत सगळा खेळ बारावीच्या टक्क्यांवर. वेगळी परीक्षा नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पहिली गुणवत्ता यादी आली. जूनमध्ये वर्ग. घर, लोकल, डबा, सगळं जागच्या जागी. हा फायदा छोटा नाही.

दिल्लीला बारावी फक्त पास व्हायची. जागा मिळते ती सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५, चुकीला उणे १. म्हणजे विषय २५० गुणांचा. बहुतेक ऑनर्स (एका मुख्य विषयातली पदवी) अभ्यासक्रमांना एक भाषा आणि तीन विषय धरतात, एकूण १०००. टक्के अगदीच वाया जात नाहीत. दोघांचे गुण सारखे आले तर आधी बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची टक्केवारी पाहतात.

या परीक्षेत महाराष्ट्र बोर्डाची मुलं बुद्धीला कमी पडत नाहीत, पुस्तकामुळे अडतात. प्रश्न एनसीईआरटीचे, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या पुस्तकांतले. आपल्या बुक-कीपिंगमध्ये बिल्स ऑफ एक्स्चेंज घोटून घेतात आणि कंपनीचा भाग शेअर्सपाशी थांबतो. तिकडे बारावीला बिल्स नाहीत, पण डिबेंचर्स आहेत. ओसीची (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) तयारी बिझनेस स्टडीज या नावाखाली करायची. एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) नावाचा विषय सीयूईटीत नाहीच, त्यामुळे ज्याची मदार एसपीवर आहे त्याने तिसरा विषय आधीच शोधावा. कॉमर्सच्या गणितवाल्यांना मात्र सोय आहे. गणिताच्या पेपरात १५ प्रश्न सगळ्यांना सारखे आणि उरलेले ३५ 'मॅथेमॅटिक्स' किंवा 'अप्लाइड' यांपैकी एका भागातले.

आणखी एक, जे क्लासवाले सांगत नाहीत: भाषेच्या यादीत मराठी आहे. बारावीला मराठी घेतली असेल आणि निवडलेल्या अभ्यासक्रमाला इंग्रजी ऑनर्ससारखी ठरावीक भाषेची अट नसेल, तर भाषेचा पेपर मराठीत देता येतो.

खरी चूक होते ती अर्ज भरताना. पाचपर्यंत विषय घेता येतात. २०२५ मध्ये खुल्या गटाला पहिल्या तीन विषयांचे मिळून १००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० होते. पैसे वाचवायला तीनच घेतले की बरेच ऑनर्स तिथेच संपतात. चार विषय घ्या आणि पाचवी जागा जनरल अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला द्या, बीए प्रोग्रामसारख्या (ऑनर्स नसलेल्या बीएच्या) पर्यायांना ती उपयोगी पडते. इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित सक्तीचं आहे. भीतीपोटी अर्जात गणित टाळलं तर जुलैमध्ये कितीही गुण आले तरी ते दार बंद. दुरुस्तीची मुदत थोड्या दिवसांची असते, ती गेली की कोणी ऐकत नाही.

कागदांचा घोळ दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळा. ओबीसी असाल तर सेतूतून मिळालेला राज्याच्या नमुन्यातला दाखला दिल्लीत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरसह आणि चालू आर्थिक वर्षाचा लागतो. व्हीजेएनटीतल्या (विमुक्त जाती-भटक्या जमाती) बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. तुमची आहे का, हे स्पेलिंगसकट तपासा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतंच. मराठा विद्यार्थ्याने केंद्रासाठी ईडब्ल्यूएसचा दाखला पाहावा, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर. हे काम मार्चमध्येच सुरू करावं, कारण तहसीलमध्ये जूनची गर्दी काय असते ते सांगायला नको.

आता मुंबईची ती कटकट, जिच्यामुळे माझा कौल फिरला.

विद्यापीठाच्या पोर्टलवर नावनोंदणी केली म्हणजे प्रवेशासाठी अर्ज झाला, असं अनेक पालकांना वाटतं. झालेला नसतो. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरायचा आणि प्रत्येक कॉलेज आपापली यादी लावणार. स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक आणखी निराळं. समजा तुकडी १२० ची आहे. कॉलेज अल्पसंख्याक असेल तर निम्म्या जागा त्या समाजाला. मग मॅनेजमेंट कोटा. मग त्याच कॉलेजातून बारावी झालेले इनहाऊसवाले. बाहेरून आलेल्या खुल्या गटातल्या मुलासाठी खरोखर किती जागा उरतात, हे यादी लागल्याशिवाय कळत नाही. म्हणून गेल्या वर्षीचा कटऑफ बघून बांधलेले अंदाज इथे हमखास चुकतात.

आणि मग पळापळ. पहिल्या यादीत 'ब' कॉलेजात नाव लागलं. दोन-तीन दिवसांत फी भरायची आणि एलसीची (कॉलेज सोडल्याचा दाखला) मूळ प्रत द्यायची. 'अ' कॉलेजची यादी ९१.२० ला थांबली, तुमचे ९०.८०. थांबावं तर 'ब' जातं, भरावं तर पैसे अडकतात. चार दिवसांनी 'अ'च्या दुसऱ्या यादीत नाव येतं. आता 'अ'ची फी आधी भरायची, 'ब'कडे रद्द करण्याचा अर्ज द्यायचा आणि एलसी परत मागायची. काउंटरवर उत्तर मिळतं, 'मॅडम जेवायला गेल्यात, तीननंतर या.' तिकडे 'अ'ची मुदतही तीनलाच संपते. पैसे महिन्याभराने मिळतातही, पण त्या दोन दिवसांत घरात दोन फींची रोकड लागते. हे दरवर्षी, प्रत्येक यादीला, हजारो घरांत चालतं.

दिल्लीत हा प्रकार नाही. सीएसएएस या विद्यापीठाच्या एकाच प्रवेश पोर्टलवर खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांना २५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १०० रुपये शुल्क. कॉलेज आणि अभ्यासक्रमाच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लावायच्या. मिळालेली जागा स्वीकारून फी भरली की 'फ्रीझ' (हीच जागा कायम) किंवा 'अपग्रेड' (वरच्या पसंतीची वाट पाहणं) निवडायचं. पुढच्या फेरीत वरची पसंती लागली तर जुनी जागा आपोआप सुटते, रद्द करायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. दिल्लीकरांसाठी वेगळा राखीव हिस्सा नाही, इनहाऊसही नाही.

यातही सापळे आहेत. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर प्रक्रियेतून बाहेर. अपग्रेड झाल्यावर जुनी जागा परत मागता येत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत घालू नये, आणि जिथे चालेल ते एकही सोडू नये. वीस पसंत्या भरून थांबणारे रिकाम्या हाताने राहतात. शंभरावर गेलात तरी हरकत नाही, क्रम मात्र कटऑफच्या नव्हे, मनाच्या पसंतीने लावा. यंत्रणा वरूनच वाचत येते.

दिल्लीचा खरा तोटा तारखांचा. २०२५ मध्ये सीयूईटीचा निकाल ४ जुलैला लागला आणि वर्ग १ ऑगस्टला सुरू झाले. तोवर मुंबईच्या याद्या संपलेल्या होत्या. हॉस्टेलचा अर्ज वेगळा आणि जागा मोजक्या, त्यामुळे विद्यापीठाजवळच्या कमला नगर किंवा विजय नगरात पेइंग गेस्ट म्हणून राहणं गृहीत धरा. घरचं बजेट तेवढं ताणत नसेल, किंवा बारावीला नव्वदच्या वर असून इनहाऊसची जागा हातात असेल, तर मुंबई सोडण्यात फारसा अर्थ नाही. पण इनहाऊस नाही, कुठल्याच कोट्यात बसत नाही आणि चार विषय एनसीईआरटीतून करायची तयारी आहे, अशा मुलाला मी तरी सीयूईटीच सांगेन.

जूनमध्ये हाताशी मुंबईची एक जागा मात्र धरून ठेवा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून, असा नियम लावला होता. चालू वर्षाचं परिपत्रक काढून पावतीसोबत ठेवा, रद्द करण्याच्या अर्जाला जोडता येतं. एलसी देण्याआधी तिच्या रंगीत स्कॅनसोबत दोन साक्षांकित प्रती काढा, आणि मूळ प्रत परत द्यायला किती दिवस लागतात ते फी भरण्याआधी विचारा, भरल्यावर नाही.