सागवान म्हणून रंगवलेले लाकूड: शिडाची जुनी होडी बाळगणाऱ्यांनी सावध राहावे

शिडाच्या होडीचे कुजलेले लाकूडकाम बदलून देतो असे सांगून एका ठेकेदाराने माझ्याकडून १,७०,००० रुपये घेतले आणि सागवानाच्या जागी रंग लावलेले निकृष्ट लाकूड, तेही साध्या लोखंडी स्क्रूंनी ठोकून, माझ्या पदरात टाकले. जयगड खाडीत, दाभोळला, देवगडला, जिथे जिथे हौसेने जुन्या होड्या जपल्या जातात, तिथे हा माणूस किंवा याच पठडीतला दुसरा कोणी पोहोचण्यापूर्वी हे वाचले जावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

होडी २६ फुटांची, फायबरची, १९८०च्या दशकातली. फायबर अजून दणकट आहे. परंतु डेकच्या काठाची पट्टी, बाजूची धक्कापट्टी, टपावरचे धरायचे दांडे आणि कॉकपिटभोवतीचा, म्हणजे बसून सुकाणू धरायच्या खोलगट जागेभोवतीचा काठ हे सारे मुळात सागाचे, आणि त्यातला बराच भाग ऊनपावसाने आणि जेट्टीवर आदळून खराब झाला होता. ठेकेदाराने दिलेला अंदाज असा: साग ११ घनफूट, दर ६,५०० रुपये, म्हणजे ७१,५००, ३१६ ग्रेडचे (खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणारे) स्टेनलेस स्क्रू आणि सीलंट, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून फटीत भरायचा लेप, १८,४००, मजुरी ६२,०००, पॉलिश २४,०००, वाहतूक ९,५००. एकूण १,८५,४००. पावसाळा तोंडावर आला होता. ‘काका, आज आगाऊ रक्कम दिलीत तर पावसाआधी होडी झाकून देतो, नाहीतर थेट नारळी पौर्णिमेनंतर बघू,’ असे तो म्हणाला. कोकणात राहणाऱ्या कोणालाही हे म्हणणे खोटे वाटणार नाही. मी ९०,००० दिले, नंतर ६०,००० आणि शेवटी पॉलिशच्या नावाने २०,०००. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या नावाच्या खात्यावर मागवले गेले. कधी मेहुण्याचे खाते, कधी लाकूडवाल्याचे. ज्याच्याशी बोलणे झाले त्याच्याच नावावर पैसे जात नसतील, तर एक रुपयाही पाठवू नका.

आता त्या दिवसाविषयी, ज्याची आठवण झाली की अजून संताप होतो. पट्ट्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा त्यांना पॉलिशचा पहिला हात आधीच दिलेला होता. खाऱ्या हवेत कच्चे लाकूड उघडे ठेवू नये म्हणून कारखान्यातच हात मारून आणला, असे त्याने सांगितले. एका पट्टीच्या कापलेल्या टोकाला रंग पोहोचला नव्हता आणि तिथे बोटभर रुंदीचा फिकट, पांढुरका पट्टा स्वच्छ दिसत होता. मी त्यावर बोट ठेवून विचारले. ‘सालीजवळचा भाग आहे, काका, थोडा राहतोच, आतून सगळा गाभा आहे,’ असे म्हणत त्याने ती पट्टी उलटी करून ढिगाखाली सरकवली. त्याच वेळी रंधा मागवून एका पट्टीचा एकच पापुद्रा काढायला लावला असता, तर सारे तिथेच उघडे पडले असते. सागाच्या गाभ्यावर रंधा फिरला की तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित मेणचट लागते. या लाकडाला तसे काहीच झाले नसते. परंतु समोर उभा असलेला माणूस अर्धे आयुष्य होड्यांवर काढल्याचे सांगत होता, मोबाईलमध्ये मुंबईच्या होड्यांवरच्या कामांचे फोटो दाखवत होता, आणि सागाला थोडा पांढरा भाग असतो हे त्याचे म्हणणे स्वतःत खरेही होते. खऱ्याच्या आडून खोटे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख ठरत नाही.

पॉलिश केलेला माल बांधावर उतरू देऊ नका. लाकूड कोरेच पाहिजे.

पहिल्या जोरदार सरींनंतर धक्कापट्टीवरून तांबडे ओघळ उतरू लागले. स्क्रूंची डोकी लाकडी गुज्यांनी, म्हणजे छोट्या गोल बुचांनी झाकलेली असल्यामुळे वरून काहीच दिसत नव्हते. एक गुजी पटाशीने उडवली, तेव्हा खाली साधा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू निघाला आणि त्याला चुंबक टक्कन चिकटले. चुंबकाने स्टेनलेसच्या साध्या ३०४ आणि ३१६ या ग्रेडमधला फरक कळत नाही. साधे लोखंड मात्र लगेच कळते, म्हणून गुज्या बसवण्यापूर्वी चुंबक फिरवलेच पाहिजे. सीलंटही जेमतेम वरच्या कडेला ओढलेले होते. या स्क्रूंची भोके डेकमधून आरपार जातात आणि जुन्या होड्यांच्या डेकमध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवुड किंवा बाल्सा नावाचे हलके लाकूड असते. तिथे पाणी शिरले की आतल्या आत कुजते. माझ्या डेकचा एक भाग असाच भिजला. तो कापून पुन्हा भरण्यासाठी आणखी ४१,००० रुपये मोजावे लागले.

गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी पट्ट्या उतरवून तासल्या. काही पट्ट्या सागाच्याच होत्या, पण जवळपास सगळा पांढरा भाग. सागाचा टिकाऊपणा असतो तो गाभ्यात, पांढऱ्या भागात नाही. उरलेल्या कसल्याशा हलक्या, तांबूस लाकडाच्या, वरून सागाच्या रंगात रंगवलेल्या. लांब पट्टी जोडताना जाडीच्या निदान आठ पट लांबीचा तिरका सांधा घालावा लागतो, म्हणजे दीड इंच जाडीला फूटभर. इथे टोकाला टोक भिडवून फटीत लांबी (पुट्टी) भरलेली होती.

मापातही लूट होती. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे, की घनफूट मिळतात. माझी धक्कापट्टी दोन्ही बाजूंची मिळून ५४ फूट, अडीच इंच रुंद, दीड इंच जाड, म्हणजे १.४ घनफूट. बाकी सर्व भाग धरून लाकूड पावणेचार घनफुटांच्या आसपास भरते. त्यावर कापण्या-तासण्यातली निम्मी घट धरली तरी सहाच्या आत. पैसे अकराचे लावले! हे गणित कागदावर मांडून अंदाजपत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणताही अंदाज मान्य करू नये.

आणि जुने लाकूड? ‘कचरा कुठे ठेवता, मी नेतो,’ म्हणून त्याने ते गाडीत भरले. त्यातले निम्मे तरी धडधाकट होते, आज पैसे मोजूनही सहज न मिळणारे. शिवाय त्या जुन्या तुकड्यांवरूनच नव्या पट्टीचा बाक घेतात. ते गेल्यामुळे मिस्त्रींना प्रत्येक वळण होडीवरून नव्याने काढावे लागले. जुना तुकडा कितीही कुजका असो, काम पूर्ण होऊन पटेपर्यंत तो आपल्या पडवीतच राहिला पाहिजे.

यानंतर जे वाट्याला आले ते फसवणुकीइतकेच क्लेशदायक होते. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की हा पैशाच्या देवाणघेवाणीचा विषय आहे, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. कबूल केलेल्या मालाऐवजी रंगवलेला माल देणे ही दिवाणी बाब कशी, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. लाकूड सागाचे नव्हते हे कोण सिद्ध करणार, असे मलाच विचारले गेले. म्हणून वनखात्याच्या कार्यालयात गेलो; तिथे म्हणाले की अर्ज पोलिसांमार्फत यायला हवा. पोलीस म्हणाले की गुन्हाच नोंदलेला नाही तर आम्ही पत्र कशाच्या आधारावर देणार. बंदराच्या कार्यालयाने आपल्याकडे फक्त नोंदणीचा विषय असल्याचे सांगून हात झटकले. वजनमापे पाहणाऱ्या कार्यालयाने छापील पावती मागितली, जी असल्या ठेकेदारांकडून कधीच मिळत नसते आणि हे त्या खुर्चीत बसलेल्यांनाही पक्के ठाऊक आहे. प्रत्येकजण ‘बसा काका’ म्हणाला, चहाही विचारला, पण अर्जावर पोच द्यायला एकाचाही हात पुढे आला नाही. आमच्या कराच्या पैशांवर चालणारी ही कार्यालये सामान्य माणसाला एकमेकांच्या दारात फिरवत ठेवतात, आणि तोवर ठेकेदाराचा फोन बंद होऊन तो पुढच्या खाडीत पोहोचलेला असतो. याला कामकाज म्हणायचे का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे. ठाण्यात नोंद नाकारली, तर लेखी तक्रार टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही दावा दाखल केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. लाकडाचे तुकडे मिस्त्रींच्या सहीनिशी पिशवीत बंद करून ठेवले आहेत. लाकडाची जात ओळखून देण्याचे काम बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत होते, तिथे ते पाठवणार आहे.

आधीच पॉलिश केलेल्या पट्ट्या, गुज्यांखाली लोखंडी स्क्रू आणि वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर मागितलेले पैसे, या तिन्ही गोष्टी ज्यांच्या बाबतीत घडल्या असतील त्यांनी पैसे पाठवल्याचे पुरावे पुसू नयेत आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. एकट्याची तक्रार दिवाणी म्हणून परत करता येते; चार ठिकाणांहून त्याच माणसाविरुद्ध आलेले चार अर्ज परत करणे अधिकाऱ्यांना तितके सोपे जाणार नाही.