नऊ महिने आणि दीड हजार काडतुसं: घरच्या रिलोडिंगचा अनुभव

माझं लहानपण वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. बाबा तिथेच कामाला, त्यामुळे काडतूस हा शब्द आमच्या घरात रोजचा. पण वापरलेल्या पितळी पुंगळीत पुन्हा प्रायमर (ठिणगी पाडणारी बुडाची टिकली), दारू (म्हणजे बंदुकीची भुकटी) आणि गोळी बसवून घरच्या टेबलावर काडतूस तयार करता येतं, आणि ते कायद्यात बसतं, हे मला टेक्सासला आल्यावर कळलं. एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, तेवढ्या शिदोरीवर इथल्या नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. पुढे .३०८ ची रायफल आणि .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आलं (ही काडतुसांच्या प्रकारांची नावं) आणि काडतुसांचा खर्च डोळ्यांत खुपायला लागला. रेंजवर एक निवृत्त मेकॅनिक येतात, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी चार रविवार शेजारी बसवून शिकवलं, मगच मी सामान घेतलं.

पुंगळी साच्यात दाबायचं यंत्र म्हणजे प्रेस, तो घेतला आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर सुप्रीम. बिडाचा, ओ आकाराचा, सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच डाय (साचा) आणि एकच काम. नऊ महिन्यांत त्याने मला एकदाही दगा दिला नाही. मात्र टेबल दणकट हवं. आधी मी तो साध्या लाकडी टेबलावर बोल्टने बसवला होता. .३०८ ची पुंगळी डायमध्ये दाबताना सगळं टेबलच उचललं जायचं. शेवटी टेबल भिंतीला जखडलं.

हळू चालणारा प्रेस का घेतलास, असं बरेच जण विचारतात. हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देणारे प्रोग्रेसिव्ह प्रेसही मिळतात. पण त्यात एकाच वेळी चार-पाच ठिकाणी वेगवेगळी कामं चालू असतात, आणि नवख्या माणसाचं त्या सगळ्यांवर लक्ष राहत नाही. सिंगल स्टेजवर आज पन्नास पुंगळ्यांचे जुने प्रायमर काढून त्या डायमध्ये दाबून मूळ मापात आणायच्या, उद्या लांबी तपासायची, परवा प्रायमर बसवायचे. प्रत्येक पुंगळी सहा-सात वेळा हातातून जाते, म्हणजे तितक्यांदा डोळ्यांखालूनही जाते. मला हेच हवं होतं.

पहिल्याच महिन्यात .३०८ ची एक पुंगळी डायमध्ये अडकली. वंगण कमी लावलं होतं. ती काढायला बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्टने ओढावी लागली, आणि अख्खी संध्याकाळ गेली. .३८ ला कार्बाइड या कठीण पदार्थाची डाय असते, तिला वंगण लागत नाही; रायफलच्या पुंगळीला मात्र लागतंच. पुंगळीची लांबीही मोजायलाच हवी. काडतूस झाडलं आणि पुंगळी पुन्हा मापात आणली की पितळ पुढे सरकतं. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, मी २.००५ ला कापते. लांब राहिलेली मान, म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा भाग, चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी चिमटली जाते, गोळी सहज सुटत नाही आणि दाब वाढतो. बुडाच्या थोडं वर आतल्या बाजूने खाच पडलीय का, तेही वाकवलेल्या टाचणीने चाचपते. खाच लागली की तिथून तुटायची भीती, म्हणून पुंगळी भंगारात.

पितळ घासायचं म्हटल्यावर मला आधी आईची चिंच आणि राख आठवली. इथे मी पाण्यात स्टीलच्या बारीक पिना घालून पुंगळ्या फिरवते. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र कधीच लावू नका. ब्रिटिश लष्कराला हे हिंदुस्थानातच कळलं होतं: पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळाला आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. बाबांना फोनवर हे सांगितलं, तर त्यानंतर अर्धा तास तेच बोलत होते.

आता तराजू. पहिला इलेक्ट्रॉनिक घेतला. एसीचा झोत आला की त्याचा आकडा सरकायचा आणि दर दहा-पंधरा मापांनी शून्य बिघडायचं. महिनाभरात तो बाजूला ठेवून दांडीचा काटा आणला. सगळी मापं ग्रेन या वजनाच्या छोट्या एककात असतात, आणि आपल्याला ती तशी परकी नाहीत: एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनहून जरा जास्त. माझी .३०८ ची गोळी १६८ ग्रेनची, तोळ्याला थोडी कमी. .३८ मध्ये दारू पडते जेमतेम दोन-तीन गुंजा. इतक्या थोडक्या मापात अर्ध्या गुंजेची चूकही मोठी असते. दारूचं प्रमाण दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचं, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहायचं आणि सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करायची. ओळखीच्यांनी सांगितलेलं माप मी वापरत नाही, अगदी काकांचंही नाही.

चौथ्या महिन्यात घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. रविवारची सकाळ होती, पन्नास भोकांच्या फळीवर .३८ च्या पुंगळ्या उभ्या होत्या आणि मी दारू भरत होते. भुसावळहून आईचा फोन आला. वीस मिनिटं बोलले, परत येऊन बसले आणि गोळ्या बसवायला लागले. पुढच्या शनिवारी रेंजवर पाचव्या बाराला नेहमीचा आवाज आलाच नाही. नुसतं ‘टप्’ झालं आणि हाताला धक्काही नाही. काका ओरडले, “थांब!” मी बोट काढलं. त्या पुंगळीत दारूच नव्हती. एकट्या प्रायमरने गोळी नळीत ढकलली होती आणि ती तिथेच रुतली होती. मागून दुसरी झाडली असती, तर नळी फुगली किंवा फुटली असती. रिव्हॉल्व्हर रिकामं करून पितळी सळईने ती गोळी ठोकून काढली. घरी येऊन उरलेली सगळी काडतुसं उघडली, त्यात आणखी एक कोरडं निघालं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

.३८ स्पेशल १८९८ चं, काळ्या दारूच्या काळातल्या मापाचं. आजची दारू त्यात तळाशी पडून राहते, म्हणून रिकामी पुंगळी जशी नजरेतून सुटते, तशी दुप्पट भरलेलीही सुटते. तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात राहतो. टेबलावर दारूचा एकच डबा असतो. भरून झालं की फळीवर टॉर्च मारून पन्नासही पुंगळ्यांची पातळी पाहते आणि मगच गोळ्या बसवते. मध्ये उठावं लागलं, तर सगळी फळी ओतून पुन्हा पहिल्यापासून.

पैशांचं म्हणाल, तर प्रेस, डाय, काटा, कॅलिपर धरून साडेसहाशे डॉलर गेले. पुंगळी घरची धरली, तर .३०८ चं काडतूस मला ऐंशी सेंटच्या आसपास पडतं. तशाच दर्जाचं दुकानातलं दीड डॉलरच्या वर जातं. .३८ मध्ये बचत थोडी आहे. पण स्वस्त पडतं म्हणून मी बारही जास्त काढते, त्यामुळे महिन्याचा खर्च होता तितकाच आहे. फरक पडला तो नेमात. शंभर यार्डांवर माझ्या रायफलचे पाच बार आता एका इंचात बसतात; दुकानातल्या काडतुसांनी ते दोन इंचांत पसरायचे.

ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते, म्हणून दारू मूळ डब्यातच, घरातल्या थंड कपाटात कुलपात असते आणि प्रायमर वेगळ्या कपाटात. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुते, आणि त्या टेबलावर चहाचा कपही ठेवत नाही. लेक आठ वर्षांची आहे. तिला त्या खोलीत मज्जाव आहे.

इथल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. स्वतःपुरतं काडतूस बनवायला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, पण विकायचं असेल तर लागतो. आणि एच-१बीसारख्या व्हिसावर असाल, तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ते वकिलाला विचारूनच समजून घ्या. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले. भारतात तर परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याने गुन्हाच आहे. बॅगेत चुकून राहिलेलं एक काडतूसही विमानतळावर पोलीस केसला पुरतं. म्हणून रेंजची बॅग मी प्रवासाला कधीच नेत नाही, आणि भारतात निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगांचे कप्पे उलटे करून झटकते.