कॅम्पातलं मेडलचं दुकान: काम चोख, पण घाईत असाल तर जाऊ नका

मामंजींची फौजेतली तीन मेडलं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पडून होती. रिबिनींचे धागे सुटलेले. 16 डिसेंबरला, विजय दिनाला, नातवाच्या शाळेत त्यांना बोलावलंय, म्हणून त्यांनाच घेऊन बेळगावला कॅम्पात गेले. वाटेत एकच पालुपद, "कशाला खर्च करालीस? हाईत की नीट."

दुकान छोटं. बोर्ड कन्नडात, बोलणं मराठीत, पावती इंग्रजीत. दुकानदारानं आधी भिंग लावून मेडलाच्या कडेवरचा नंबर आणि नाव वाचलं, मग क्रम लावला: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, शेवटी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. मी पॉलिश मागितलं, त्यानं साफ नकार दिला. घासून घासून कडेवरची अक्षरं जातात म्हणे. गिऱ्हाईक मागेल ते न करणारा दुकानदार मला आवडला.

"पूर्वी स्टार म्हणजे 1971 चं बांगलादेश युद्ध. कुठं होता?" त्यानं विचारलं. मामंजी म्हणाले, "जमालपूर. जंगी पलटन, म्हणजे पहिली मराठा." झालं, सुई थांबली! मामंजी सांगू लागले. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीच्या कर्नलनं उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. रात्री पाकिस्तानी वेढा फोडून निघायला बघत होते, आमच्या पलटणीनं टांगाईलची वाट अडवलेली. 11 डिसेंबरला सकाळी जमालपूर पडलं. ढाक्यात शरणागतीच्या सह्या झाल्या त्या पुढं पाच दिवसांनी.

दुकानदार तापला. 93 हजार कैदी हातात असताना 1972 च्या सिमला करारात पंजाब-राजस्थानकडची पाकिस्तानची जिंकलेली जमीन परत का दिली? ही कसली जीत?

मामंजी शांतपणे म्हणाले, "जमीन घ्यायला गेलतो कोण? बांगलादेशवाल्यांचा देश त्यांच्या हातात दिला आन 72 च्या मार्चपतोर सगळी फौज माघारी. तिथंच ऱ्हायलो असतो तर त्याच लोकांनी आमालाबी हाकललं असतं." दुकानदाराला पटलं नाही. मला पटलं. पण त्या वादापायी अर्धा तास गेला, तो गेलाच.

शिलाई सुबक आहे, मेडलं एका रेषेत बसलीत, मागची पिनही भक्कम. पंचविसाव्या वर्षाच्या मेडलाची रिबीन मात्र शिल्लक नव्हती, त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं आणि पुन्हा हेलपाटा. तिन्हींचे मिळून 650 घेतले. लहान मेडलांचा वेगळा सेटही करून देतो, पण भाव आधी ठरवा. जाताना डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स न्या, क्रम लावायला त्याला ती लागते.