पाइप घेतला, नऊ महिने वापरला, एकदाही पेटवला नाही

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या तंबाखूच्या पाइपची खुंटी मोडली नसती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. नळी, म्हणजे दातांत धरायचा भाग, पुसायला म्हणून काढत होतो, टक् असा बारीकसा आवाज झाला आणि नळी माझ्या हातात, तिची खुंटी लाकडाच्या भोकात. पाइपची किंमत ३,२४० रुपये.

पाइपबद्दल लिहिणारे सगळेजण तो जळतो कसा ते लिहितात. ओढ मोकळी आहे का, वाटी, म्हणजे तंबाखू भरायची जागा, किती तापते, तळाशी ओल साचते का. मी तो जाळतच नाही. बावीस वर्षं रोज दहा सिगरेटी ओढल्यावर या संक्रांतीला बंद केल्या. पाइप फेब्रुवारीअखेरीस घेतला तो फक्त तोंडात धरायला. त्यामुळे माझ्या तक्रारी इतर कुठे वाचायला मिळणार नाहीत.

आधी एक स्पष्ट सांगतो. निकोटिनच्या तलफेवर या वस्तूचा काडीइतकाही उपयोग नाही. त्यासाठी मी २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घेतला, डॉक्टरांना विचारून, आणि तो दहा आठवड्यांत कमी करत सोडला. सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो. बावीस वर्षांत कधी वाचला नव्हता, तो पहिल्याच आठवड्यात लावला. गमने डोकं शांत झालं, पण हात आणि तोंड बेकार झाले. चारचा चहा आला की उजवा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. पाइप आहे तो या हातासाठी.

सुरुवात फुकटातल्या पाइपने केली होती. माझे काका बोटीवर होते, त्यांचा जुना पाइप माळ्यावर पडून होता. धुतला, उन्हात ठेवला, तोंडात धरला आणि पहिल्याच श्वासाला तीस वर्षांपूर्वीचा तंबाखू घशात उतरला. आत काजळीचा जाड थर असतो, वास त्यात मुरून बसतो. त्या संध्याकाळी मी टपरीपर्यंत जाऊन परत आलो. सिगरेट सोडलेल्या माणसाने वापरलेला पाइप घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. मी सहसा असं म्हणत नाही.

मग नवा मागवला. ब्रायरचा, सरळ दांडीचा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीलगत येणारी गाठ. ती काही तास उकळतात, मग वाळवायला ठेवून देतात. पाइपला हेच घेतात, कारण हे लाकूड जाळाला दाद देत नाही. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाने शे-दीडशे वर्षं यावर पोट भरलं. सगळं खरं, पण जाळाला दाद न देणारं लाकूड मी घेतलं कशाला? मला काय जाळायचं होतं? पेअरच्या लाकडाचा निम्म्या किमतीत मिळत होता. मक्याच्या बुरकुंड्याचा अमेरिकी पाइप तर वजनालाही हलका. माझा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४६ ग्रॅम भरला. सरळ दांडीचं सगळं वजन पुढे असतं, त्यामुळे दातांत धरला की वीस मिनिटांत जबडा ठणकतो. दिसायला झकास, म्हणून सरळ घेतला. वाकड्या दांडीचा घ्या.

तरी हिशेबाने वसूल झाला. माझी सिगरेट १८ रुपयांची, दिवसाचे १८०. अठराव्या दिवशी पाइप फुकट पडला आणि मी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, बावीस वर्षांचाही हिशेब मांड. मी विषय बदलला.

रिकाम्या पाइपमधून हवा सुर्रकन येते, सिगरेटसारखा अडसर लागत नाही. आत ९ मिलिमीटरच्या फिल्टरची जागा आहे. धूर नसताना कोळशाचा फिल्टर गाळणार काय, पण तो घातल्यावर ओढ बरोबर सिगरेटइतकी होते. एक फिल्टर मी दीड महिना वापरतो. पाकिटावर एका वेळेनंतर टाका असं लिहिलंय, ते त्यांच्याकडेच राहू दे. वाटीत लवंगा घालतो. पहिल्यांदा कुटून घातल्या होत्या, फिल्टर न लावता. जोरात ओढल्यावर चिमूटभर पूड थेट घशात गेली आणि पुढची पंधरा मिनिटं मी मोरीत वाकून खोकत होतो. आता दोन अख्ख्या लवंगा मलमलच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करतो. ओव्याची करून पाहिली, सर्दी झाल्यासारखं वाटलं. वेलदोडा दोन दिवसांत मरतो. लवंग आठवडाभर टिकते.

आता मुख्य तक्रार. नळी.

नळी इबोनाइटची आहे. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की ते लाकडासारखं कडक होतं, तेच हे. दातांना मऊ लागतं म्हणून जाणकार याचं कौतुक करतात. आली तेव्हा काळीभोर, चकचकीत होती. मेपर्यंत तिच्यावर शेवाळी झाक आली आणि जूनमध्ये चव सुरू झाली. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि सायकलची ट्यूब एकत्र चाखल्यासारखी. सकाळी पाइप तोंडात घेतला की पहिला गंधक, मग लवंग. पेटवणाऱ्यांना हे कळत नसणार, त्यांच्या तोंडात तंबाखूचा वास ठासून भरलेला असतो. माझ्या तोंडात दुसरं काहीच नाही. आणि सिगरेट सुटल्यापासून जीभ परत आलेली आहे, तिला सगळं कळतं.

टूथपेस्टने घासली, चार दिवस बरी राहिली. खोबरेल तेल लावलं, तर तोंडात खोबरेल गंधक. जुलैत चिडून ६५० रुपयांचा दुसरा पाइप आणला, अॅक्रिलिकच्या नळीचा. त्याला चव नाही की रंग बदलायची भीती नाही. पण माझ्या वरच्या डाव्या दाढेला कॅप आहे, तिच्यावर तो दिवसभर टकटक वाजतो. तरीही माझं मत ठरलं होतं: इबोनाइट घेऊ नका, अॅक्रिलिक घ्या आणि उजव्या बाजूला धरा.

मग खुंटी मोडली आणि मी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन लावला. दुकान ऑनलाइन, वॉरंटी एक वर्षाची.

"साहेब, पाइप गरम असताना नळी काढलीत तर वॉरंटी बसत नाही."

"तो गरम कधी झालेलाच नाही."

"म्हणजे थंड झाल्यावर काढलीत?"

"म्हणजे पेटवलेलाच नाही. फेब्रुवारीपासून."

पलीकडे जरा शांतता. "मग साहेब, प्रॉडक्ट वापरलेलंच नाही का?"

"रोज वापरतो."

मुलगा बिचारा सरळ होता. तंबाखूचा प्रकार भरल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही म्हणाला. 'काही नाही' असा पर्याय यादीत नव्हता, मग त्याने 'इतर' टाकलं. वाटीच्या आतला फोटो मागितला. मी ऐटीत पाठवला, कोरं लाकूड, काजळीचा ठिपका नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं: वाटीत लवंग दिसत आहे, अन्य पदार्थ वापरल्यामुळे वॉरंटी रद्द. नवी अॅक्रिलिकची नळी ९०० रुपयांत मिळेल, कुरिअर वेगळं.

इथपर्यंत ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी दीड गुण दिले होते. पुढचं दिवाळीनंतर लिहितोय, कारण थोडा पलटलोय.

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात शाईची पेनं दुरुस्त करणारे एक आजोबा बसतात. माझ्या भाच्याच्या पेनाची निब बदलायला गेलो होतो, खिशात मोडकी नळी होती. त्यांनी ती घेतली, अंगठ्याने जोरात घासली, अंगठ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "हे तर आपलं इबोनाइट." जुन्या पेनांची बॉडी याचीच, निबखालची जीभही याचीच. आंध्रातल्या राजमहेंद्रीला अजून इबोनाइटची पेनं करतात, त्या कांड्यांचे तुकडे त्यांच्या डब्यात पडलेले होते. मोडलेली बाजू त्यांनी सपाट केली, मधोमध भोक पाडलं, एक तुकडा टेबलावरच्या छोट्या लेथवर उतरवून नवी खुंटी चिकटवली. मग वॉटर पेपर, आधी हजार नंबर, नंतर दोन हजार, पाणी लावून लावून. शेवाळी पाणी निघत होतं, खालून काळी नळी वर येत होती.

"उन्हात ठेवता काय?" त्यांनी विचारलं.

मी ठेवत होतो. खिडकीच्या कट्ट्यावर, दिवसभर. लवंगेची ओल वाळावी म्हणून. इबोनाइटला ऊन आणि ओल दोन्ही चालत नाही, वरचं गंधक बाहेर येतं. पेनवाल्यांना हे शाळेतल्या मुलाइतकं पाठ असतं. खुंटी मोडायचं कारणही मीच असावा. लाळ नळीच्या सांध्यापाशी साचून राहायची, त्यात पावसाळा. लाकूड फुगून खुंटी आवळली गेली आणि मी ती न फिरवता सरळ ओढली.

२५० रुपये झाले. आता रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून चष्म्याच्या जुन्या डबीत बंद करून ठेवतो. महिना होत आला, चव नाही. दाढेवर टकटक नाही. अॅक्रिलिकवाला टीव्हीच्या मागे कुठेतरी आहे.

एक त्रास मात्र सुटलेला नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे आणि लोकांना ती नेमकी मला बघूनच आठवते. परवा उडप्याच्या हॉटेलात मॅनेजरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मी पाइप बशीवर उलटा केला, पुरचुंडी पडली. त्याने ती उचलून वास घेतला आणि म्हणाला, दात दुखतो का? मी हो म्हटलं. सोपं पडतं.

गुण आता पाचपैकी साडेतीन. अर्धा आजोबांचा. दुकानाला शून्यच, पण काल त्यांचा मेसेज आला: गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुढच्या खरेदीत लायटरवर १५ टक्के सूट. कूपन महिनाअखेरपर्यंत चालेल. कोणाला हवं असेल तर कळवा.