ताईच्या आजारपणातला ग्रुप: सात-आठ महिने वापरल्यानंतर

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कसा काढायचा, कुणाला अ‍ॅड करायचं, हे सांगत बसत नाही. ते सगळ्यांना येतं. ताईला स्तनाचा कर्करोग निघाला आणि भावोजींचा फोन कानापासून सुटेना, म्हणून मी ग्रुप काढला. रिपोर्ट काय आला, पुढची तारीख कोणती, हे एकदाच लिहायचं. कीमो संपेपर्यंत कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग रेडिएशन सुरू झालं आणि ग्रुप बंद पडला. अ‍ॅप ठणठणीत होतं, माणसं बंद पडली.

ताईची कीमो दर 21 दिवसांनी असायची. त्या एका दिवसासाठी गाडी घेऊन यायला तिघे-चौघे तयार. रेडिएशन मात्र आठवड्याचे पाच दिवस, सलग काही आठवडे. मशीनवर काही मिनिटंच, पण रोजचं नेणं-आणणं आलं, आणि थकवा साठत जाऊन शेवटी शेवटी जास्त जाणवतो. नेमकं तेव्हाच "चला, मोठं संकट टळलं" म्हणत मंडळी आपापल्या कामाला लागली.

एका चुलतभावाने पुढाकार घेऊन पोल टाकला: या आठवड्यात ताईला कोण नेणार? पर्याय तीन. जमेल, जमणार नाही, बघून सांगतो. आता या तिसऱ्या पर्यायाबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. जवळजवळ सगळ्यांनी तोच दाबला. तो दाबला की माणसाला मदत केल्यासारखं वाटतं, नकारही द्यावा लागत नाही, आणि सोमवारी सकाळी गाडी मात्र नसते. "जमणार नाही" दाबणाऱ्या एकमेव वहिनींबद्दल मला तेव्हापासून अपार आदर आहे. निदान त्यांना वगळून पुढचा फोन तरी करता आला.

पुढच्या पोलमध्ये मी फक्त वार ठेवले. सोमवार ते शुक्रवार, पाच पर्याय, दुसरं काही नाही. ज्याला जमत नाही त्याने काहीच दाबू नये. दुपारपर्यंत तीन वार भरले. उरलेल्या दोन वारांसाठी नाव घेऊन विचारलं: "दादा, गुरुवारी तू नेशील का?" दादा लगेच हो म्हणाला. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो.

ताई स्वतः ग्रुपमध्ये असावी का? आधी मला वाटायचं, असावी. तिला बरं वाटेल. कीमोच्या मध्यावर तीच बाहेर पडली. शंभर "लवकर बरी हो" आले की तिला प्रत्येकाला उत्तर द्यावंसं वाटायचं, आणि औषधाने बोटं इतकी बधिर झालेली की टाइप करणं नको व्हायचं. मग दोन ग्रुप केले. एक तिच्यासकट, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहिणार. दुसरा तिच्याशिवाय, गाडी-पाळीचा. पहिल्या ग्रुपमधल्या शुभेच्छा रिअ‍ॅक्शनवर आल्या, म्हणजे एका मेसेजखाली एक आकडा. कुणाला हे कोरडं वाटलं. ताईला वाटलं नाही.

दुसऱ्या ग्रुपचा आणखी एक उपयोग. एका काकांना ओळखीतल्या कुणाचा तरी शेवट कसा झाला हे तिथे सविस्तर लिहायची हुक्की आली; ताई त्यात नव्हती म्हणून बरं. मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि त्यांचे सहलेखक बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये मांडलेली वर्तुळांची कल्पना इथे कामाला येते: मधे आजारी माणूस, भोवती घरचे, त्याबाहेर बाकीचे, धीर आतल्या दिशेने द्यायचा, आपली भीती बाहेरच्या दिशेने ओतायची. काकांना मी फोनवर एवढंच म्हटलं, हे मला सांगा, भावोजींना नको.

केअरिंगब्रिज ही आजारपणाची खबरबात देण्याची वेबसाइटही पाहिली. सोना मेहरिंग यांनी 1997 मध्ये सुरू केलेली ही विनानफा सोय आहे, देणग्यांवर चालते, रोजनिशीसारखं लिहिता येतं. ज्यांना निवांत वाचायचं आहे त्यांच्यासाठी उत्तम. आमच्या मंडळींना वेगळं लॉगिन म्हणजे डोक्याला ताप.

एक सूचना मात्र ठळक लिहून ठेवा. कीमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. भेटायला यायची हौस लोकांना नेमकी तेव्हाच येते, आणि सर्दी झालेला माणूस "लांबूनच बघतो" म्हणत दारात उभा राहतो. मी प्रत्येक कीमोनंतर "भेट बंद" आणि "भेट चालू" अशा दोन तारखा टाकायला लागले तेव्हा हे थांबलं.

सध्या चार तारे. एक तारा त्या तिसऱ्या पर्यायाने खाल्ला.

परवा दोघांनी विचारलं, आता ग्रुप बंद करायचा का? हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या निदान पाच वर्षं चालणार, तपासण्या वेगळ्याच. नाही करत बंद. ज्यांना आवाज नको त्यांनी म्यूट करावं, आणि केल्याचं मला सांगू नये.