विक्रीपूर्वी स्वयंपाकघरासाठी घेतलेला सॅटिन फिनिशचा रंग

घर विक्रीला काढण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या भिंतींसाठी मी धुता येण्याजोगा सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद तकाकीचा, ॲक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा) रंग निवडला आणि छटा घेतली ती किंचित पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्याची. शुभ्र पांढरा मुद्दाम टाळला, कारण त्याच्याशेजारी जुनी फरशी आणि कपाटांची दारे अधिकच मळकट दिसतात. प्रकाश परावर्तनाचा निर्देशांक 0 ते 100 असा मोजतात; या छटेचा तो 70 च्या वर असल्याने एकाच खिडकीची खोलीही दुपारी दिव्याशिवाय उजळ वाटते. मात्र संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली हीच झाक गडद होते, म्हणून नमुन्याचा पट्टा ओट्यामागे आणि खिडकीसमोर, असा दोन्हीकडे लावून पाहावा. शेगडीजवळचे तेलकट शिंतोडे ओल्या फडक्याने सहज निघतात. भिंत साबणाच्या पाण्याने न धुता रंगवल्यास पोपडे येतील, पण तो दोष रंगाचा नव्हे. खरी अडचण तकाकीमुळे येते: लांबी (पुट्टी) भरलेल्या जागांचे उंचवटे तिरप्या उजेडात उघडे पडतात, आणि घर पाहायला आलेल्यांची नजर नेमकी तिथेच जाते. खडबडीत भिंतींसाठी हा रंग मी सुचवणार नाही.